द्रोणातलं तीर्थ

देवकाबाई लग्न होऊन खैरटोलीला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की आपला नवरा घरात कमी आणि तलावावर जास्त असतो. ही गोष्ट एकाहत्तर सालची. खैरटोली म्हणजे करडीपासून दीड कोसावरचं, साठ-सत्तर घरांचं गाव. वरच्या अंगाला जुना तलाव आणि त्याच्या पाळीपासून खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत केव्हा सोडायचं आणि किती सोडायचं, हे जो ठरवतो तो पाणकर. धनीरामचा बाप पाणकर होता, आजाही पाणकर होता. बाप गेला तेव्हा धनीराम वीस वर्षांचा होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गावानं त्याच्या खांद्यावर फावडं दिलं.

पाणकराच्या शब्दावर गाव चालतं. धनीराम बांधीत पाय बुडवून उभा राही आणि सांगे, "आनखी चार बोटं पायजे." मग तेवढंच पाणी. सख्खे भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी धनीराम आला की कुऱ्हाडी खाली येत, कारण तो कोणाचा नव्हता. स्वतःच्या दोन बांध्यांना तो सगळ्यांच्या शेवटी पाणी घेई. देवकाबाई त्याची भाकर घेऊन पाळीवर जाई, तेव्हा विहिरीवरच्या बाया तिला चिडवत, "का वं देवका, तुह्या सवतीनं आज तरी सोडलं का नवऱ्याले?"

सवत म्हणजे तलाव. देवकाबाई हसून म्हणे, "सवत बरी आहे माही. भांडत नाई, घरी येत नाई."

तिला त्याचा अभिमान होता. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ती स्वतःसाठी वेगळं काही मागत नसे. जे चाललंय ते चालू दे, एवढंच म्हणे.

तलावाचं पाणी पाळीखालच्या दगडी तोंडातून बाहेर पडतं. त्याला तिकडे तुडूम म्हणतात. तुडुमाचं लाकडी बूच काढायला पाण्यात बुडी मारून जावं लागतं. आश्विन-कार्तिकात ते पाणी हाडांत शिरतं. बुडी मारून वर आलं की सोबतचे गडी मोहाच्या दारूची शिशी पुढे करत. दोन घोट, अंगात ऊब. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. चैतात आख्खं गाव मोहफुलं वेचतं, वाळवतं. गावाबाहेर रंभाबाईची भट्टी होती, तिच्याकडे ज्याला लागेल त्याला मिळे. चौघं गडी पाळीवर बसत, एकाच शिशीतून पीत. तिघं उठून घरी जात, जेवत, झोपत. चौथ्याला उठता येत नसे.

हे देवकाबाईला कधीच उलगडलं नाही. तीच शिशी, तीच जागा, तेवढेच घोट. मग माझ्याच घरधन्याला काय झालं?

शहात्तर-सत्त्याहत्तरपर्यंत सकाळचीही लागू लागली. उठल्या उठल्या त्याचे हात असे कापत की चहाची बशी ओठापर्यंत जाईतो अर्धी सांडे. रंभाबाईकडून आला की हात स्थिर. देवकाबाईची सासू गोदावरीबाई ओसरीवर बसून हे सगळं पाहत असे आणि बोट सुनेकडे दाखवत असे. "घरातल्या बाईले धरून ठेवता आलं नाई. माहा नवरा बुडी मारून मारून मेला, पन घोटाच्या वर गेला नाई."

देवकाबाई उलट बोलत नसे. तिला जे सुचलं ते तिनं केलं, आणि तिला शपथ सुचली.

पहिली शपथ गायमुखच्या जत्रेत, महादेवापुढे, हातावर बेल ठेवून. धनीराम रडला. खोटं रडला नाही. परत येताना बैलबंडीत तो म्हणाला, "देवका, आता संपलं. महादेवाच्यान संपलं." ती शपथ बारा दिवस टिकली. दुसरी आईच्या पायावर हात ठेवून. ती चार दिवस. तिसरी त्यांची मुलगी रुखमिणी हिच्या डोक्यावर हात ठेवून. रुखमिणी तेव्हा पाच वर्षांची. वडील डोक्यावर हात ठेवताहेत म्हणून खुश होऊन ती सगळ्यांकडे पाहत होती. ती शपथ आठव्या दिवशी मोडली, आणि त्याच महिन्यात पोरीला ताप भरला. एकवीस दिवस उतरला नाही.

"शपथ लागली पोट्टीले," गोदावरीबाई म्हणाली. शेजारच्याही तेच म्हणाल्या. खरं सांगायचं तर देवकाबाईच्याही मनात तेच होतं. धनीराम पोरीच्या खाटेपाशी येऊन बसे, पण तिला हात लावत नसे. हात मांडीखाली दाबून बसे. मग उठून रंभाबाईच्या वाटेला लागे. पोरगी वाचली. पण शपथेनं दारू सुटली नाही. प्यायल्यावर घरी यायची वाट मात्र बंद झाली. तो पाळीवरच झोपू लागला.

ऐंशी साली त्याच्या हातून बूच नीट बसलं नाही आणि तलावाचं पाणी दोन दिवस फुकट वाहून गेलं. टेकचंद पाटील गावातला वजनदार माणूस, तसा भला. त्यानं चावडीत सगळ्यांदेखत सांगितलं, "धनीराम, तुह्या बापासाठी थांबलो गा. होळीपर्यंत सुधारलास तं ठीक, नाई तं फावडं दुसऱ्याले देतो."

धनीराम घरी आला, आतल्या खोलीत गेला आणि देवकाबाईला म्हणाला, "भायेरून कडी लाव. मी म्हनलो तरी उघडू नोको."

तिनं कडी लावली. पहिला दिवस तो कण्हला. दुसऱ्या दिवशी घामानं सतरंजी भिजली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो भिंतीवरचे मासे पकडू लागला. "पानी घरात येऊन राहिलं," तो ओरडत होता, "तुडूम बंद करा! पोट्टी बुडते!" गोदावरीबाईनं कडी काढली, आत पाहिलं आणि हात जोडले.

"मातामाय आली अंगात. तलावाची माय आली माह्या पोराच्या अंगात."

पाळीवर निंबाखाली शेंदूर फासलेले तीन दगड आहेत, तीच मातामाय. बाया धावत आल्या. हळद आली, कुंकू आलं, लिंबू आलं. धनीराम थरथरत होता, त्याचे डोळे वर गेले होते, आणि बाया एकेक करून त्याच्या पाया पडत होत्या. देवकाबाईही पडली. नवऱ्याच्या पायाला डोकं लावलं तेव्हा पाय विस्तवासारखे तापलेले होते. दुसऱ्याच क्षणी तो ताठ झाला, तोंडाला फेस आला आणि खाली कोसळला.

बैलबंडीत घालून त्याला सडकेवरच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक नवखा, मिसरूड फुटलेला डॉक्टर होता. त्यानं नाडी पाहिली, दोन प्रश्न विचारले.

"किती वर्षं रोज पितात?"

"पाच-सहा असतीन जी."

"आणि एकदम बंद केली?"

"होय जी. खोलीत कोंडून घेतलं त्यायनं."

"देवी नाही आणि भूतही नाही, बाई. रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात सोडली की असंच होतं. यात माणूस जातो. मी सुई देतो, तुम्ही आत्ता नागपूरला न्या."

देवकाबाई बोटांवर शपथा मोजू लागली. ज्या शपथा आपण घातल्या, त्या त्यानं खरोखर पाळल्या असत्या तर? बारा दिवस टिकली ती कशी टिकली? मग तिच्या ध्यानात आलं. त्या बारा दिवसांत तो चोरून थोडी थोडी पीतच असणार, म्हणून जिवंत राहिला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तो पाच आठवडे होता. देवकाबाई व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिली. तिथली सुलोचनाबाई नावाची सिस्टर दिसायला खाष्ट होती, पण रोज दुपारी देवकाबाईला आपल्या डब्यातली पोळी देई. गोळ्या-सुयांनी धनीरामचं थरथरणं उतरलं, तो जेवू लागला. मग एक दिवस चष्मेवाल्या मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"धनीराम, तुम्हाला प्यायची नव्हती. तरी प्यालात. बरोबर?"

"बरोबर जी."

"मुलीच्या डोक्यावर हात ठेवूनही प्यालात."

धनीरामनं मान खाली घातली. "होय जी. मी मानूस नाई."

"ते मी विचारलं नाही. तुम्ही माणूस आहात, आणि आजारी आहात. हे बघा, आपल्या मेंदूत एक जागा असते. भूक लागली, खा. तहान लागली, पाणी शोध. लेकरू रडलं, उचल. हे ती जागा सांगते, म्हणून आपण जगतो. दारूनं तुमच्या त्या जागेचा ताबा घेतलाय. तिला वाटतं दारू मिळाली नाही तर जीव जाईल. तहानेनं व्याकूळ झालेल्या माणसाला शपथ घातली तर तो पाणी सोडेल?"

"कसा सोडीन जी? तहान कोनाले आयकते?"

"तेच. चौघं पितात, तिघांचं असं होत नाही, एकाचं होतं. कोणाचं रक्तातून येतं, कोणाचं सवयीतून. यात लायकीचा प्रश्न नाही. आता बंद ठेवलीत तर मेंदू हळूहळू सुधारतो. महिने लागतात, वर्ष लागतं. पण झालेली ओळख तो विसरत नाही. म्हणून एक थेंबही घ्यायचा नाही. थंडी वाजली म्हणून नाही, औषध म्हणून नाही, आनंदात नाही, दुःखात नाही."

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. देवाच्या नावानंही घ्यायची नाही, एवढं मात्र सांगितलं नाही. शहरातला माणूस, त्यांना ते कसं सुचावं?

देवकाबाईनं त्यातलं अर्धं उचललं. माझा नवरा वाईट नाही, आजारी आहे, हे ऐकून तिला इतकं हलकं वाटलं की व्हरांड्यात येऊन ती हमसून रडली. पण आजार म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे रुखमिणीचा ताप आला. आला, एकवीस दिवस राहिला, गेला. घरी परतल्यावर तिनं मातामायला नारळ फोडला. आजार गेला असंच ती समजली.

आठ महिने फार चांगले गेले. धनीरामच्या गालांवर मांस चढलं. रुखमिणीला शेजारी बसवून तो जेवू लागला. टेकचंद पाटलानं फावडं त्याच्याकडेच ठेवलं. गावातली पोरं टोमणे मारत, "काहो धनीरामभाऊ, नागपूरच्या सुया घेऊन साधू झाले म्हनते?"

"साधू नाई बाप्पा, पेशंट हो," तो म्हणे आणि हसे.

रंभाबाईचं घर टाळायला तो स्मशानाकडून वळसा घालून तलावावर जाई. कधी कधी संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसे आणि देवकाबाईला म्हणे, "आज डोकं मागून राहिलं वं."

तिला ते शब्द ऐकवत नसत. नाव काढलं की येतं, असं तिला वाटे. "देवाचं नाव घ्या जी," ती म्हणे आणि भाकर थापत राही. तो थोडा वेळ बसे, मग उठून जाई.

त्या वर्षी, एक्याऐंशीच्या आश्विनात, पावसानं पाठ फिरवली. उशिरा पिकणारा भारी धान पोटरीत होता, लोंबी बाहेर यायच्या बेतात. याच वेळी पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, नुसतं तणस हाती येतं. तलाव भरलेला होता. तुडूम उघडायचा दिवस ठरला.

खैरटोलीत वर्षाचं पहिलं बूच काढण्याआधी मातामायची पूजा होते. पाणकर दगडांवर मोहाच्या दारूची धार धरतो. पळसाच्या पानांच्या द्रोणात जे उरतं ते तीर्थ. ते पाणकरानं ओठाला लावायचं आणि मगच पाण्यात उतरायचं. त्याच्या बापानं तसंच केलं, आज्यानं तसंच केलं. आदल्या दिवशी धनीरामनं देवकाबाईला एकदा विचारलं, "उद्याचं का करू वं?" तेव्हा ती पूजेचं ताट घासत होती. "का करू म्हंजे? पूजा करा," ती म्हणाली.

सकाळी आख्खं गाव पाळीवर जमलं. रंभाबाईनं पहिल्या धारेची शिशी आणली होती. धनीरामनं शेंदूर लावला, लिंबू कापलं, दगडांवर धार धरली. त्याचा हात कापत नव्हता. द्रोणात उरलं होतं जेमतेम पळीभर. त्यानं द्रोण जमिनीवर ठेवला.

"मी हे नाई घेत पाटील. डाक्टरनं सांगतलं. थेंब नाई म्हनले."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "डाक्टर पाऊस पाडते का रे बाप्पा?" लोक हसले.

टेकचंद पाटील चिडला नाही, समजावू लागला. "धनीराम, थे दारू नाई गा. मायपुढे ठेवली म्हंजे तीर्थ झालं. तुले कोन पेले सांगून राहिलं? ओठाले लाव आन उतर."

"दुसऱ्या कोनाले द्या न. सेवकरामले द्या." सेवकराम त्याचा चुलतभाऊ, तिथेच उभा होता.

"पानकर तू हास," सेवकराम म्हणाला. "मायचा कोप झाला तं माह्या धानावर नोको येऊ देऊ."

गोदावरीबाई छाती पिटू लागली. "बापानं केलं, आज्यानं केलं, याले जड झालं! धान पोचट गेला तं गाव माह्या तोंडात शेन घालन!"

धनीरामनं सगळ्या घोळक्यावरून नजर फिरवली आणि ती देवकाबाईपाशी थांबली. तो तिच्याकडे पाहत होता. सगळं गाव तिच्याकडे पाहू लागलं. नागपूरला ती सोबत होती, डॉक्टरांचं तिनंही ऐकलं होतं. ती एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं.

तिनं दगडांकडे पाहिलं. शेंदूर ओला होता. याच मायनं आपला नवरा परत दिला, असं तिला मनापासून वाटत होतं. मायच्या हातचं घेतल्यानं वाईट कसं होईल? तिनं पुढे होऊन द्रोण उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला.

"तीर्थ आहे जी. ओठाले लावा."

त्यानं द्रोण घेतला. लावला. बुडी मारून बूच काढलं. पाणी धो धो निघालं आणि लोकांनी मातामायचा जयजयकार केला.

तीन दिवस काहीच झालं नाही. देवकाबाईनं मनातल्या मनात डॉक्टरांना हरवलंसुद्धा. चौथ्या दिवशी धनीराम स्मशानाच्या वाटेनं गेला नाही. सरळ गेला. आठवड्याच्या आत सकाळचे हात पुन्हा कापू लागले. मग जे पाच वर्षांत झालं होतं ते पंधरा दिवसांत झालं. शुद्धीवर असताना तो एकदाच बोलला, "ओठाले लागली आन डोक्यात तहान उठली. तुले आयकू नाई आलं, मले आलं." धान सुरेख पिकला. गावात कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. "त्याच्या नशिबात नाई," एवढंच लोक म्हणाले आणि फावडं सेवकरामकडे गेलं.

या वेळी देवकाबाईनं कडी लावली नाही. त्याला पीतच नागपूरला नेलं. व्हरांड्यात सुलोचनाबाईनं तिला ओळखलं. देवकाबाई तिच्यापुढे मटकन खाली बसली.

"सिस्टरबाई, मीच पाजली. माह्या हातानं."

तिला वाटलं आता ही शिव्या देईल. तिला त्या हव्या होत्या. सुलोचनाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथे येणाऱ्या बहुतेक घरांत कोणीतरी पाजलेली असते, बाई. कोणी मायेनं, कोणी हट्टानं, कोणी मान राखायला. ऊठ, चहा घे."

डॉक्टरही रागावले नाहीत. "पुन्हा घसरणं या आजारात होतं. पुन्हा सुरुवात करायची. यकृताला सूज आहे, फार वेळा नाही चालायचं."

"कधी बरे होतीन जी?"

"ताप उतरतो तसं हे उतरत नाही. रोज न घेणं, हेच बरं होणं."

"मंग मी का करू साहेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "फार काही तुमच्या हातात नाही. तुम्ही पहारा देऊन ते थांबणार नाहीत, रडून थांबणार नाहीत. डोकं मागतंय असं त्यांनी सांगितलं, तर काम टाकून जवळ बसा. ती लाट येते आणि उतरते, कधी अर्ध्या तासात, कधी जास्त. उपदेश करू नका. आणि जिथे दारू असेल तिथून त्यांना उठू द्या."

भाकर थापता थापता आपण काय झटकून टाकत होतो, ते देवकाबाईला तिथे, त्या खुर्चीवर कळलं. तो मदत मागत होता.

तो घरी आला तेव्हा पाणकर नव्हता. आता तो आपल्या दोन बांध्यांच्या काठावर उभा राहून सेवकराम पाणी सोडायची वाट पाही. सेवकरामला बोटांचा अंदाज नव्हता. कधी जास्त सोडी, कधी विसरे. धनीराम काही म्हणत नसे. त्र्याऐंशीच्या पोळ्याला तो पुन्हा घसरला. चौऱ्याऐंशीत एकदा, दोन दिवस. दर वेळी स्वतःच सांगितलं, स्वतःच एसटीत बसला. पंच्याऐंशीला गोदावरीबाई गेली. जाईपर्यंत म्हणत होती की माझ्या पोरावर मायचा कोप आहे आणि सुनेनं त्याला नागपुरात वेडा ठरवलं. देवकाबाईनं तिची सेवा केली, पण तिची समजूत तिला घालता आली नाही. तिची स्वतःची तरी कुठे पुरती पटली होती? मातामायला ती अजून नमस्कार करी. फक्त काही मागत नसे. काय मागावं हेच तिला कळेनासं झालं होतं.

शहाऐंशीच्या वैशाखात सेवकरामच्या मुलीचं लग्न होतं. न जाणं शक्य नव्हतं, सख्ख्या चुलतभावाचं घर. दुपारची वेळ. वऱ्हाड उतरलं होतं, वाजा वाजत होता. मांडवामागे पुरुषांची बैठक होती आणि तिथून मोहाचा वास सगळ्या अंगणभर येत होता. देवकाबाई बायांमध्ये बसून वांगी चिरत होती. धनीराम बायांच्या घोळक्यातून वाट काढत थेट तिच्यापाशी आला. तो पांढराफटक पडला होता.

"देवका, ऊठ."

एक बाई फिदीफिदी हसली. "अवं बाई, लग्नघरीही करमत नाई का नवऱ्याले बायकोबिगर?"

"उठली डोक्यात," तो हळूच म्हणाला. "चल इथून."

देवकाबाईनं विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि उठली. सेवकरामची बायको शकुंतलाबाई हळदीच्या हातांनी तिच्या आडवी आली.

"कोठी निघाली? पंगत बसाची आहे! जेवल्याबिगर जाता माह्या पोरीच्या लग्नातून?"

"जातो बाई."

"अपशकुन कराले आले होते का? आमी फावडं घेतलं म्हनून राग काढता का? जाय, जाय! पुन्हा माह्या उंबऱ्यात पाय नोको ठेवू!"

वाजा थांबला नव्हता, तरी ते सगळ्यांनी ऐकलं. टेकचंद पाटलानंही ऐकलं आणि तोंड फिरवलं. देवकाबाईला सांगता आलं असतं. पण काय सांगणार? यांच्या मेंदूत एक जागा आहे म्हणून? तिनं हात जोडले आणि नवऱ्याच्या मागे चालू लागली.

घरापर्यंत तो पोचला नाही. वाटेत एका निंबाच्या सावलीत बांधावर बसला. अंग थरथरत होतं, कपाळावर घाम होता. समोर भेगा पडलेल्या बांध्या, आणि मागे शंभर पावलांवर मांडव. उठून परत जायला त्याला दोन मिनिटं लागली नसती. देवकाबाई त्याच्या शेजारी बसली. त्यानं तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या. देवाचं नाव तिच्या ओठांवर आलं. तिनं ते मोठ्यानं उच्चारलं नाही, मनातच घेत राहिली.

अर्धा तास म्हणजे किती, हे तिला मोजता येत नव्हतं. वाजा थांबला. पंगत बसल्याचा गलका आला. त्यांना बोलवायला कोणी आलं नाही.

"उतरली का जी?" तिनं विचारलं.

"नाई अजून."

ती बसून राहिली. सावली सरकून त्याच्या पायांवर ऊन आलं, तशी ती उठून त्या बाजूला बसली. त्यानं मनगट सोडलं नव्हतं.

"आता?"

"मले इचारू नोको वं," तो म्हणाला. "तू फक्त बस."